लेकराचं दूध आणि निळा ड्रम

माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मे महिना होता. परभणी जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि नळ आठव्या-दहाव्या दिवशी येतो. अंगणात दोनशे लिटरचे तीन निळे ड्रम, न्हाणीत दोन टब, ओट्याजवळ वीस लिटरचा जार, गच्चीवर काळी टाकी, शिवाय बादल्या आणि घागरी. घरात माणसं पाच, आणि पाण्यासाठी प्लास्टिकची भांडी अकरा. लेकीला दूध पुरेना, म्हणून दीड महिन्याच्या बाळाला डॉक्टरांनी काही दिवस पावडरीचं दूध लिहून दिलं. पहिल्याच रात्री दोन वाजता मी पाणी खळखळ उकळलं, तसंच बाटलीत ओतलं, पावडर टाकली, झाकण लावलं आणि जोरजोरात हलवलं. बाटली हाताला पोळत होती म्हणून पदरात धरली. जंतू मेले पाहिजेत, एवढं एकच डोक्यात होतं.

महिनाभरानं बाटल्या घासताना लक्षात आलं की त्या आतून धुरकट झाल्या आहेत. नव्या असताना त्यांतून आरपार दिसायचं. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, त्यामुळे आधी वाटलं की क्षारच बसले असतील. लिंबू लावून घासल्या. क्षार निघाले, धुरकटपणा तसाच राहिला. बोट आत घालून फिरवलं तर खरखर लागली. मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. पृष्ठभाग खरखरीत झाला म्हणजे त्यावरचं काहीतरी निघून गेलं, हे सातवीच्या पोराला समजावून सांगते. ते निघालेलं कुठं गेलं असेल, हा प्रश्न मला त्या दिवशी मोरीपाशी बसून पडला.

त्याचं उत्तर आधीच शोधलं गेलेलं होतं. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलिनच्या दूधबाटल्या तपासल्या. पॉलिप्रॉपिलिन म्हणजे बाटलीच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा असतो ते प्लास्टिक. जगातल्या बहुतेक दूधबाटल्या त्याच्याच असतात. पावडरीचं दूध करायच्या नेहमीच्या रीतीनं, म्हणजे ७० अंशांच्या पाण्यानं, त्यांनी बाटल्या भरल्या आणि हलवल्या. एका लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत प्लास्टिकचे कण पाण्यात उतरले. पाणी २५ अंशांचं असेल तर लिटरमागे साधारण ६ लाख, आणि ९५ अंशांचं असेल तर साडेपाच कोटी. बाटली तीच, पाणी तेवढंच, फरक फक्त उष्णतेचा.

म्हणून या सगळ्या विषयात मला सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगायची आहे. गरम आणि प्लास्टिक यांची गाठ लेकराच्या तोंडापाशी पडू द्यायची नाही. एवढं काम घराचं आहे, त्याला पैसे लागत नाहीत आणि ते आज संध्याकाळपासून करता येतं. बाकीचं प्लास्टिक, म्हणजे आमच्या अंगणातले ते तीन ड्रम, ते मात्र एकट्या घरानं निघणारं नाही. त्याचा भार बाळाच्या आईवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं, आणि ते का, हेच पुढं लिहिते.

आधी घराचं काम. पावडरीच्या दुधासाठी पाणी ७० अंशांच्या खाली नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण पावडर स्वतः निर्जंतुक नसते. तेव्हा बाटलीतले कण नकोत म्हणून कोमट पाण्यात पावडर कालवणं, हा वेडेपणा कुणी करू नये. दूध गरम पाण्यातच करायचं, पण ते स्टीलच्या गंजात किंवा काचेच्या भांड्यात. भांडं थंड पाण्यात ठेवून कोमट करायचं, आणि मग लेकराला पाजायचं. बाटलीच वापरायची असेल तर उकळून काढलेली बाटली, स्टीलच्या पातेल्यात उकळून निवलेल्या पाण्यानं तीनदा विसळायची, आणि थंड झालेलं दूध तिच्यात ओतून फार न हलवता द्यायचं. हे सगळं त्याच डब्लिनच्या संशोधकांनी सुचवलेलं आहे. मी स्वतः करून पाहिलं. जास्तीचा वेळ लागतो तो पाच-सात मिनिटांचा. रात्री दोन वाजता रडणारं लेकरू मांडीवर असताना पाच मिनिटं किती मोठी असतात ते मला ठाऊक आहे, तरी सांगते.

पण खरं तर बाटलीच कशाला? माझ्या सासूबाईंनी ट्रंकेतून बोंडलं काढलं. चांदीचं, चोचीचं, माझ्या नवऱ्याच्या बारशात आलेलं. गेली तीस वर्षं ते फडक्यात गुंडाळून पडलं होतं. त्यांनी ते राखेनं नव्हे, साबणानं घासून उकळलं, लेकराला मांडीवर आडवं घेतलं, चोच ओठाच्या कोपऱ्याला टेकवली आणि थेंब थेंब दूध सोडलं. पहिल्या दिवशी निम्मं सांडलं. चौथ्या दिवशी लेकरू जीभ बाहेर काढून वाट बघू लागलं. बोंडलं नसेल तर वाटी-चमचा आहेच; बाळांचे डॉक्टरही बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा म्हणतात, आणि त्याचं कारण प्लास्टिकच्या आधीचं आहे. बाटलीचा गळा आणि बूच नीट घासले जात नाहीत, तिथं साय राहते आणि लेकराला जुलाब लागतात. वाटी एका विसळीत स्वच्छ होते. ज्या गावात पाणी मोजून वापरायचं, तिथं ही गोष्ट फार मोठी आहे.

जुनं ते सगळं चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. प्लास्टिक नको म्हणून पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात लेकराचं दूध तापवायला आता काही घरांत सुरुवात झाली आहे, ते पाहून मला धास्ती वाटते. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा माग काढला. या आजाराला इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस म्हणतात. पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांत तापवलेलं, साठवलेलं दूध या बाळांना अगदी लहानपणापासून पाजलं जात होतं, आणि दुधात उतरलेलं तांबं त्यांच्या यकृतात साचत होतं, हे त्यांनी दाखवलं. लोक स्टील वापरू लागले तसा तो आजार जवळपास दिसेनासा झाला. म्हणजे घरातलं भांडं बदलून लेकरं वाचतात, हे महाराष्ट्रानं एकदा अनुभवलेलं आहे. तेव्हा लेकराच्या दुधाला स्टील, काच किंवा चांदी. तांबं-पितळ पाण्यापुरतं मोठ्या माणसांना.

दुकानात गेलं की 'बीपीए-फ्री' लिहिलेली महाग बाटली पुढं करतात. बीपीए हे एक रसायन आहे, पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लास्टिकमध्ये असणारं. ते नाही ही चांगली गोष्ट. पण डब्लिनमध्ये तपासलेल्या बाटल्या पॉलिप्रॉपिलिनच्या होत्या, आणि त्या प्लास्टिकमध्ये बीपीए नसतंच. कण तरीही पडले. त्या तीन अक्षरांसाठी दुप्पट पैसे मोजून त्याच बाटलीत उकळतं पाणी ओतलं तर काय उपयोग? मला आणखी एक खटकतं. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, बाळाच्या दुधाची पावडर आणि दूधबाटल्या यांची जाहिरात करायला बंदी घालणारा. कायदा करणाऱ्यांना बाटलीचा धोका तेव्हाच कळला होता. आणि आज मोबाईल उघडला की बाटली हातात घेऊन हसणारी आई दिसतेच.

आईच्या दुधातही प्लास्टिक सापडलं, मग ते तरी का द्यायचं, असं माझ्या लेकीच्या मैत्रिणीनं विचारलं. इटलीत २०२२ मध्ये ३४ आयांचं दूध तपासलं, त्यांपैकी २६ जणींच्या दुधात कण मिळाले, ही गोष्ट खरी आहे. पण त्यावरून आईचं दूध तोडणं म्हणजे विहिरीत पान पडलं म्हणून विहीर बुजवणं. अंगावरच्या दुधाला बाटली लागत नाही, उकळणं लागत नाही, साठवण लागत नाही. आणि आमच्या भागात एक समज फार खोल रुजलेला आहे तो इथंच सांगते. उन्हाळ्यात लेकराला घोट-घोट पाणी पाजलं पाहिजे, घसा सुकतो, असं प्रत्येक घरात म्हणतात. पहिले सहा महिने फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही. ते पाणी दिलं नाही, तर त्यातून येणारे जंतूही नाहीत आणि ड्रमचं प्लास्टिकही नाही.

गरम आणि प्लास्टिक यांची गाठ फक्त बाटलीत पडत नाही. लेक बाळंत झाली त्या दवाखान्याच्या दारातलं हॉटेल पहाटे पाचला उघडायचं. नातेवाईक तिथून चहा न्यायचे, पन्नीत. वाफाळता चहा पातळ कॅरीबॅगमध्ये ओतायचा, तोंडाला गाठ मारायची, ती पिशवी बोटाला अडकवून वॉर्डात आणायची, आणि कोपरा फाडून कागदी कपांत वाटायची. बाळंतीण पिणार, आणि शेजारी बसलेलं तिचं दोन वर्षांचं थोरलं त्याच कपात बिस्कीट बुडवून खाणार. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की कागदी कपात ८५ ते ९० अंशांचं गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात, कारण कागदाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो. कप कागदाचा म्हणून आपण निर्धास्त असतो. आता त्याच चहासाठी कुणी दवाखान्यात निघालं की मी हातात स्टीलची झाकणाची बरणी देते. वरण, सांबार, खिचडी, शिरा, सगळ्याला तोच नियम. मायक्रोवेव्ह आमच्या गावात थोड्या घरांत आहे, पण संभाजीनगर-लातूर-नांदेडच्या फ्लॅटांत आहे; तिथल्यांनी लेकराचा भात प्लास्टिकच्या डब्यात ठेवून तो फिरवू नये. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठानं २०२३ मध्ये लहान मुलांच्या अन्नाचे डबे तीन मिनिटं तसे तापवले, तेव्हा काही डब्यांच्या एका चौरस सेंटिमीटरमधून चाळीस लाखांवर सूक्ष्म कण आणि दोनशे कोटींवर त्याहून बारीक कण निघाले.

आता लोक काय म्हणतात तेही ऐकते. पहिलं म्हणणं: आमची लेकरं यावरच वाढली, काही झालं नाही. दुसरं म्हणणं जास्त वजनाचं आहे: मराठवाड्यात लेकरांना पोटभर खायला नाही, जुलाबानं दवाखाने भरतात, त्यात हे डोळ्यांना न दिसणारं प्लास्टिक कुठं घेऊन बसलात? माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्यानं मला हे तोंडावर विचारलं आणि मला तो प्रश्न रास्त वाटला.

या कणांमुळे बाळाला नेमका किती अपाय होतो, हे विज्ञानानं अजून पक्कं सांगितलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आणि २०२२ च्या दोन्ही अहवालांत पुरावा अपुरा आहे असंच म्हटलंय. काय कळलंय ते असं: न्यूयॉर्क विद्यापीठात प्रा. कुरुंथाचलम कन्नन यांच्या गटानं २०२१ मध्ये बाळांची आणि मोठ्यांची विष्ठा तपासली. पाण्याच्या बाटल्यांचं आणि पॉलिएस्टर कापडाचं जे प्लास्टिक, पीईटी, ते बाळांमध्ये मोठ्यांपेक्षा दहापटीहून जास्त होतं. अभ्यास लहान होता, सहा बाळांचा. पण एवढ्याशा लेकराच्या पोटात आपल्यापेक्षा दहापट, हे वाचून मला स्वस्थ बसवलं नाही. मोठ्या माणसांबद्दल इटलीतल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं की मानेच्या धमनीतल्या चरबीच्या थरात ज्यांच्या प्लास्टिक सापडलं, त्यांना पुढं हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचारपट दिसला. कारण प्लास्टिकच, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण 'काही होत नाही' असं छातीठोकपणे म्हणायची सोयही उरत नाही.

आणि सहकाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर असं की, जुलाबासाठी जे करायचं तेच इथंही करायचं आहे. सहा महिने अंगावरचं दूध. मग वाटी-चमचा, ताजं अन्न, उकळून निवळलेलं पाणी, धुतलेले हात, पुसलेली फरशी. प्लास्टिकसाठी म्हणून वेगळा एक रुपया खर्च करायला मी कुणाला सांगत नाही. महागडी यंत्रं, परदेशी बाटल्या, लाकडी खेळण्यांचे हजारांचे संच, यांतलं काही लागत नाही. घराघरात फळीवर नाव टाकलेली स्टीलची भांडी पालथी पडली आहेत. लग्नात आलेली, मशीननं ठिपक्या-ठिपक्यांत तारीख कोरलेली. ती खाली काढा, एवढंच.

हे झालं घराचं. आता ड्रमाकडे येते.

आमच्या अंगणातला एक ड्रम नऊ उन्हाळे पाहिलेला आहे. त्याचा काठ एके काळी गर्द निळा होता, आता फिका पांढुरका झालाय. त्यावरून बोट फिरवलं की बोटाला निळसर भुकटी लागते, खडूसारखी. ऊन आणि उष्णता प्लास्टिकमधल्या रेणूंच्या साखळ्या तोडतात, वरचा थर ठिसूळ होतो आणि झडतो. अंगणात ठेवलेली बादली दोन वर्षांनी उचलताना हातात कडी येते आणि बादली खाली राहते, हे प्रत्येकानं पाहिलंय. त्या काठावरून दिवसातून वीस वेळा तांब्या घासत पाण्यात जातो. भुकटी कुठं जात असेल ते सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

पण तो ड्रम तिथं का आहे? आमच्या घरात कुणाला प्लास्टिकची हौस नव्हती. पूर्वी दारात रांजण होता, न्हाणीत दगडी हौद होता, पाणी आडाचं. आड आटला, बोअर घेतलं, बोअर खोल गेलं, मग नळाचे दिवस लांबले. रोज येणारं पाणी आठ दिवसांनी येऊ लागलं तर आठ दिवसांचं साठवावं लागतं, आणि हजार-दीड हजार लिटर पाणी स्टीलमध्ये साठवण्याची ऐपत कुणाची आहे? डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाईला विचारा. तांब्याचा हंडा रिकामाच जड. प्लास्टिकच्या घागरीनं तिच्या कमरेवरचं ओझं खरोखर हलकं केलं. त्या घागरीला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. लातूरनं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. त्याच्या आधी पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. त्या दिवसांत ज्या घरानं उधारीनं ड्रम घेतले, त्या घरातल्या आईला आज 'प्लास्टिकमध्ये पाणी साठवू नका' असं सांगणारे आपण कोण?

म्हणून माझं म्हणणं आहे की मराठवाड्यात लेकराच्या पोटातल्या प्लास्टिकचा हिशेब नळाच्या वेळापत्रकाशी लागतो. पैठणला जायकवाडीचं धरण १९७६ पासून आहे आणि त्याच्या आसपासच्या शहरांतही पाणी मोजून दिवसांनी येतं. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी नळानं द्यायचं कबूल केलं. त्यातला 'रोज' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. ५५ लिटरची सरासरी आठवड्यातून एकदा भरून दिली, तर कागदावर हिशेब जुळतो आणि अंगणात ड्रम तसेच राहतात. दिवसाआड अर्धा तास नळ आला तरी आमच्या घरातली अकरापैकी सात भांडी मी उद्या भंगारात देईन.

तोवर लेकरापुरतं काय करायचं? नळ येईल तेव्हा पहिली कळशी स्टीलची भरून बाजूला ठेवायची, ती लेकराची. माठ असेल तर उत्तमच. ड्रम सावलीत ओढायचा, वर गोणपाट टाकायचं, आत तांब्या न बुडवता खाली तोटी बसवून घ्यायची. आणि पाणी उकळायचं, या कारणासाठीसुद्धा. चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की क्षाराचं पाणी पाच मिनिटं उकळलं की चुनखडीचे कण धरतात, ते प्लास्टिकच्या कणांना आपल्यात गुंडाळून घेतात, आणि साध्या गाळणीनं दोन्ही निघून जातात. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्यातून ९० टक्क्यांपर्यंत कण गेले, हलक्या पाण्यातून जेमतेम पाव. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्याला आपण आयुष्यभर शिव्या दिल्या, पातेल्याला पांढरा थर बसतो म्हणून. लेकराचं पाणी उकळून, तासभर निवळू देऊन, वरचं संथपणे गाळून घ्या आणि तळाचा थर झाडाला टाका. एका लेकराला दिवसाला लिटर-दीड लिटर पुरतं, तेवढ्याला गॅस फार जात नाही. विकतचा जार हा यावर उतारा नाही. पाणी कितीही गाळलेलं असलं तरी तो जार गाडीवर उन्हात फिरतो, परत येतो, पुन्हा भरला जातो. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठानं २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार कण मोजले होते.

अन्नपाण्याशिवाय प्लास्टिक लेकराच्या पोटात जायची आणखी एक वाट धुळीची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. रांगतं लेकरू फरशीवर तळवे टेकतं आणि तेच तोंडात घालतं. घरातल्या धुळीत कापडाचे तंतू असतात, आणि आता आपलं कापड म्हणजे पॉलिएस्टर. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. परभणी, जालना, बीड हा कापसाचा पट्टा. आमच्या शिवारात नजर जाईल तिथपर्यंत बोंडं फुटलेली असतात. आणि त्याच घरातल्या बाळंतविड्यात झबलं, टोपरं, दुपटं सगळं चकचकीत सिंथेटिक, वर फुलांचं लोकरीसारखं दिसणारं ब्लँकेट, झिपच्या प्लास्टिक पिशवीत. माझ्या आईनं मला शिवलेली गोधडी जुन्या सुती लुगड्यांची होती. मी हौसेनं नातीला गोधडी शिवायला काढली आणि कपाट उघडलं तर जुन्या साड्यांमध्ये सुती एकच निघाली. बाकी सगळ्या गुळगुळीत, झटकल्या की हाताला वीज लागणाऱ्या. गोधडी आपली असते, तिच्यातलं कापड केव्हाच आपलं राहिलं नव्हतं. शेवटी नवऱ्याची जुनी धोतरं फाडून शिवली. बाळाच्या अंगाला आणि अंथरुणाला सुती, आणि फरशी ओल्या फडक्यानं रोज पुसायची, झाडू मारून धूळ उडवायची नाही. अंघोळीचं उरलेलं अर्धी बादली पाणी त्याला पुरतं. पण टँकरच्या गावात ती अर्धी बादलीही संडासला लागते, हे विसरून चालणार नाही. इथंही गोष्ट पाण्यापाशीच येऊन थांबते.

खेळण्यांचं थोडक्यात: २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, जत्रेतल्या कचकड्याच्या गाडीवर ते नसतं. चावून चावून जिचे तुकडे पडायला लागले ती वस्तू लेकराच्या हातातून काढून घ्यायची.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सोडणार नाही. सकाळी बंब किंवा चूल पेटवताना रॉकेल मिळत नाही म्हणून कॅरीबॅग पेटवायची, ही सवय आमच्या गल्लीत निम्म्या घरांत आहे. पन्नी चट्कन धरते, थेंब थेंब गळत जळते, त्यावर तुऱ्हाट्या टाकल्या की झालं. बंब अंगणात आणि शेजारी बाजेवर लेकराला मालिश चाललेली. तो काळा धूर लेकराच्या छातीत जातो, त्याची राख त्याच अंगणात पसरते. उघड्यावर प्लास्टिक जाळायला घनकचरा नियमांनी बंदी आहे, पण नियम सांगून काही होणार नाही. गल्लीतली कचऱ्याची गाडी कधी येते ते विचारावं लागेल. आणि बीड-धाराशिवकडची ऊसतोडीला गेलेली कुटुंबं सहा-सहा महिने मेणकापडाच्या कोपीत राहतात. तिथं छप्पर प्लास्टिक, भिंत प्लास्टिक, दिवसभर तापलेलं, आणि आत झोळीत लेकरू. त्या आईला मी कोणती सूचना देऊ? तिथं सूचना द्यायची ती साखर कारखान्याला आणि सरकारला: पक्की निवारा शेड, पाण्याची तोटी, आणि फडाजवळ पाळणाघर.

सार्वजनिक पैशातून होण्यासारखं बरंच काही अगदी जवळ पडलेलं आहे. अंगणवाडीची योजना १९७५ पासून चालू आहे, लेकराला आहार द्यायचा हा तिचा एक हेतू, आणि घरी न्यायला लेकरं आणतात ते श्रीखंडाचे, आईस्क्रीमचे रिकामे डबे. त्यांत वाफाळती खिचडी पडते. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. अनेक ठिकाणी तो कशावर जातो ते बायकांनाच विचारावं. त्यातून एकदा स्टीलची भांडी घेतली तर वीस वर्षं पुरतील. बचत गटाकडे पंगतीच्या भांड्यांचा संच दिला तर बारशा-जावळाला थर्माकोलचे आणि चमकी कागदाचे द्रोण लागणार नाहीत, गटाला भाडं मिळेल. आशाताई बाळंतिणीच्या घरी येतातच. दुधाची रीत त्यांनी दोन वाक्यांत सांगावी, पण त्याचा वेगळा मोबदला देऊन. त्यांच्या डोक्यावर फुकटचं आणखी एक काम ठेवायला माझा विरोध आहे.

मी ज्या खेड्यात शिकवते तिथल्या अंगणवाडीत चौतीस लेकरं आहेत. अंगणवाडीताईंनी आणि मी बसून यादी केली: चौतीस ताटल्या, चौतीस वाट्या, चौतीस पेले, घरी न्यायला झाकणाचे चौतीस डबे, तोटीचं एक मोठं स्टीलचं पिंप. ताईंनी प्रत्येक डब्यावर लेकराचं नाव कोरून घ्यायचं, असंही लिहायला लावलं. यादी ग्रामसेवकांकडे दिली आहे, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय यायचा आहे. सही करायच्या आधी सरपंचबाईंनी कागद दोनदा वाचला, पेन मागितलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: नळ दिवसाआड कधीपासून सोडणार, ते याच सभेत तारखेनिशी सांगावं.